सोपवलेली ठेव



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात घरातल्या माशाविषयीचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून पाणी गाळून पिणारे आपण. आपल्याच दिवाणखान्यात काचेच्या पेटीत एक मासा राहतो आहे, हे ऐकणाऱ्याला विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या पालघरच्या घरात मात्र गेली तीन वर्षे हे रोजचे दृश्य आहे. येणारे पाहुणे प्रथम कौतुकाने पाहतात, मग चहाचा कप खाली ठेवून हळूच विचारतात, "पण हे आपल्यात चालते का?" या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मूळचा सांगलीकडचा. बँकेच्या नोकरीने मला उसाच्या पट्ट्यातून उचलून कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला आणले. नोकरीची शेवटची वर्षे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील शाखेत गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही पालघरातच स्थिरावलो. थोरला मुलगा बोईसरच्या एका औषध कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. लहानपणी त्याला मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयाच्या दात्याच्या आडनावातच आमचे तारापूर आहे, हे ऐकून तो फार खूश झाला होता. पुढे नोकरी लागल्यावर त्याने आपल्या सदनिकेत समुद्राच्या पाण्याची पेटी उभी केली. तीन वर्षांपूर्वी त्याला हैदराबादला जावे लागले. "अण्णा, पेटी इतक्या लांब नेली तर आतले जीव वाचणार नाहीत. दोन महिने तुम्ही सांभाळा, तोवर मी काही व्यवस्था करतो," असे तो म्हणाला. बोईसरहून पालघर म्हणजे उमरोळी धरून दोन स्थानके. तेवढ्या अंतरासाठीसुद्धा पाणी, वाळू, खडक आणि जीव वेगवेगळ्या बादल्यांत भरून आणावे लागले. दोन महिन्यांची मुदत किती वेळा वाढली, हे आता मोजत नाही.

पेटीत सुमारे १८० लिटर पाणी आहे. तळाशी बारीक पांढरी वाळू, मध्ये मानवनिर्मित सच्छिद्र खडक, खडकावर दुसऱ्या छंदिष्टांच्या पेट्यांत कलमांनी वाढवलेले थोडे मृदू प्रवाळ. या साऱ्या प्रपंचाचा मुख्य रहिवासी म्हणजे तर्जनीएवढा एक पिवळा मासा. तो गोबी या विशाल गोत्रातला आहे. या गोत्रात दोन हजारांच्या आसपास जाती असून बहुतेक अगदी लहान, तळाशी राहणाऱ्या आणि स्वभावाने शांत आहेत. पोटाकडचे दोन पर एकत्र जुळून त्यांची छोटी वाटी झालेली असते. त्या वाटीने ते दगडाला धरून बसतात. इतर मासे पाण्यात सतत येरझारा घालतात. हा मात्र आपल्या बिळाच्या तोंडाशी तासन्‌तास बसून राहतो. कोणावर धावून जात नाही, कोणाचे अन्न हिसकावत नाही. फारच त्रास झाला तर तोंड मोठे उघडून दाखवतो, एवढाच त्याचा राग.

त्याचे बीळ मात्र त्याने खोदलेले नाही. ते खोदते एक कोळंबी. इंग्रजीत तिला 'पिस्टल श्रिंप' म्हणतात, कारण तिचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असून तो मिटताच 'टक्' असा गोळीसारखा आवाज होतो. हा आवाज पंजा आपटल्याचा असावा असे पूर्वी वाटे. पंजा मिटताना पाण्याची धार इतक्या वेगाने सुटते की तिच्यामागे पोकळीचा बुडबुडा तयार होतो आणि तो बुडबुडा मिटताना हा आवाज उमटतो, असे २००० साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून दाखवले. रात्री घर शांत झाले की दिवाणखान्यातून हा 'टक्' ऐकू येतो. सुरुवातीला आमच्या सौ. दचकून उठत असत. आता तो ऐकू आला नाही तर त्यांना काळजी वाटते.

या कोळंबीची दृष्टी फार अधू असते. ती दिवसभर वाळू उपसत असते, पण संकट येताना तिला दिसत नाही. मासा पाहू शकतो, पण त्याला खोदता येत नाही. म्हणून दोघे एका बिळात राहतात. कोळंबी बाहेर आली की आपली एक लांब मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसताच मासा शेपटी किंचित हलवतो. कोळंबी तत्काळ आत शिरते आणि मासाही तिच्या मागोमाग आत जातो. बँकेत रोकड तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. एकाच्या किल्लीने तिजोरी उघडत नाही. तीन दशकांहून अधिक काळ मी त्या व्यवस्थेत वावरलो, आणि निवृत्तीनंतर तीच व्यवस्था वाळूच्या बिळात पाहिली. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सर्व पंथांनी स्वीकारलेल्या जैन प्रतीकाच्या तळाशी जे वचन लिहिलेले असते, ते आपल्या पाठशाळेतील मुलांना पाठ असते. त्या वचनाचा अर्थ समजावून सांगायचा असेल, तेव्हा आमच्या पाठशाळेच्या ताई मुलांना घेऊन आमच्याकडे येतात.

येथवरचा भाग रमणीय आहे. आता हिशेबाकडे येतो.

समुद्र आपले पाणी आपण शुद्ध ठेवतो. १८० लिटरच्या पेटीला ते जमत नाही. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो अत्यल्प प्रमाणातही विष आहे. खडकांच्या छिद्रांत वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते तुलनेने सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते. नव्या पेटीत ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी रिकामी दिसली तरी तिच्यात मासा सोडायचा नसतो. दुकानातून पेटी आणि मासा एकाच दिवशी घरी आणणाऱ्यांचा मासा आठवड्यात का मरतो, याचे बहुधा हेच उत्तर असते.

दुसरी नोंद क्षाराची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आमच्या पेटीत सहा किलोंहून अधिक मीठ विरघळलेले आहे. रोज दीड-दोन लिटर पाण्याची वाफ होते, पण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. पाच दिवसांत दहा लिटर पाणी उडाले आणि कोणी भर घातली नाही, तर तेवढेच मीठ १७० लिटरांत राहते आणि क्षार ३५ वरून ३७ वर जातात. म्हणून रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्याची घालायची. खाऱ्या पाण्याची घातली तर मुद्दल वाढत जाते. वाणिज्य शाखेच्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. दर पंधरा दिवसांनी एक दशांश पाणी काढून तेवढेच ताजे खारे पाणी घालतो. तापमान २५ ते २६ अंश, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्षार ३५ अशा चार रकान्यांची वही मी ठेवली आहे. रोज सकाळी पूजेनंतर तिच्यात नोंद होते.

या भागात वीज जाते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, पण तेथील वीज पश्चिम भारताच्या जाळ्यात जाते. शेजारी राहतो म्हणून आपले दिवे विझणार नाहीत असे काही नाही. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू कमी होऊ लागतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पेटीशेजारी कायम तयार असतो. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा फिरत राहतो. गोबी घाबरला की पेटीबाहेर उडी मारतो, म्हणून वर बारीक जाळीचे झाकण आहे. कोळंबी खडकाखालची वाळू पोखरते, म्हणून खडक वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर ठेवून मग भोवती वाळू पसरली आहे. नाहीतर एखाद्या रात्री खडक खचून दोघेही त्याखाली दबायचे. एका बोटाएवढ्या जिवासाठी एवढी यातायात! बाहेरगावी जायचे झाले तर शेजारच्या कुटुंबाला लेखी सूचना देऊन जावे लागते. शिखरजीच्या यात्रेला आम्ही दोघे एकाच वेळी गेलो नाही, आधी सौ. गेल्या, पुढच्या वर्षी मी.

हे सर्व कष्ट मान्य केले तरी पाहुण्यांचा मूळ प्रश्न शिल्लक राहतो.

आमच्या मंदिरातील एक ज्येष्ठ श्रावक एकदा पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत पहिला कोणता?" मी म्हटले, "बंध." जिवाला बांधून, कोंडून ठेवणे. ते म्हणाले, "मग हे काय आहे?" मी विचारले, "आणि शेवटचा कोणता?" ते क्षणभर थांबून म्हणाले, "अन्नपान-निरोध." आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचे अन्नपाणी रोखणे. पुढे आम्ही दोघेही काही बोललो नाही, कारण दोघांच्याही लक्षात अडचण आली होती.

अडचण अशी की हा मासा शाकाहारी नाही. निसर्गात तो पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव खातो. पेटीतील अशा माशांना बाजारात मिळणारे गोठवलेले मायसिस किंवा आर्टेमिया दिले जातात. कोरडे दाणे मिळतात, पण त्यांतही माशांची भुकटी असते. त्याला भाताची शिते किंवा डाळीचे पीठ देऊन आपले समाधान करून घेतले, तर तो खंगून मरेल, आणि ते व्रतपालन ठरणार नाही. म्हणजे कोंडणे हा दोष. खाऊ घालावे तर दुसऱ्या जिवांची हिंसा. उपाशी ठेवावे तर तोही दोष. तिन्ही बाजूंनी खर्चच लिहावा लागतो, जमेचा रकाना कोराच राहतो.

यावर पहिला निर्णय सौ.नी दिला. पेटी घरात आली त्याच दिवशी त्या म्हणाल्या, "त्याचे खाणे माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही, माझ्या शीतकपाटात तर नाहीच. पण त्याला उपाशीही ठेवायचे नाही." तेव्हापासून कोरड्या दाण्यांचा घट्ट झाकणाचा डबा गॅलरीतील कपाटात असतो, त्याचा चमचा वेगळा आणि हात धुण्याची जागाही वेगळी. मुलाने माशाला आधीच दाण्यांची सवय लावली होती, त्यामुळे गोठवलेल्या अन्नाची गरज पडत नाही. दाणे मोजून देतो. उरलेले कोळंबी खाते आणि पाणीही बिघडत नाही. एका बाबतीत मात्र हा मासा आम्हाला सोयीचा निघाला. तो दिवसाचा प्राणी आहे. अंधार पडू लागला की बिळात जातो आणि उजाडेपर्यंत बाहेर येत नाही. त्यामुळे त्याचे भोजनही आमच्याप्रमाणेच सूर्यास्तापूर्वी आटोपते. सौ. म्हणतात, "घरात एवढे एक तरी त्याने आपले ऐकले."

दुसरा उपाय अनेकांनी सुचवला: नेऊन समुद्रात सोडून द्या, अभयदान होईल. केळवे, शिरगाव, चिंचणी असे समुद्रकिनारे हाकेच्या अंतरावर असताना हा सल्ला सरळ वाटतो. पण माशाची जात पश्चिम प्रशांत महासागरातील आहे. स्वच्छ, उबदार, प्रवाळांच्या आडोशाचे पाणी हे तिचे घर. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ, गाळाचे आणि जोरदार भरती-ओहोटीचे. तेथे सोडलेला मासा बहुधा दोन दिवसही जगणार नाही. आपण मात्र पुण्य केल्याच्या समाधानात घरी परतू. आणि तो जगलाच, तर वेगळे संकट. हिंदी आणि प्रशांत महासागरांतील लायनफिश १९८५ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ प्रथम आढळला. छंदिष्टांनी पेट्यांतून सोडलेले मासे हेच त्याचे मूळ असावे, असे अभ्यासक मानतात. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला असून तेथील लहान माशांचा फडशा पाडतो आहे. एका जिवाला मुक्त करताना हजारो जिवांवर संकट सोडायचे, याला जीवदया म्हणता येणार नाही. पेटीतील मासा, कासव, गोगलगाय किंवा शेवाळ, काहीही नदीत, तलावात किंवा खाडीत सोडू नये, ही विनंती मी या निमित्ताने सर्व वाचकांना करतो.

मग मार्ग कोणता? मला तो बँकेच्या ताळेबंदात सापडला. सामान्य माणसाला वाटते की ठेवी म्हणजे बँकेची संपत्ती. ताळेबंदात ठेवी देयतेच्या बाजूला लिहिल्या जातात. ते धन बँकेचे नाही, लोकांनी विश्वासाने सोपवलेले आहे. मागताक्षणी परत करायचे आहे आणि तोवर डोळ्यांत तेल घालून जपायचे आहे. हा मासा माझ्या घरात असला तरी माझ्या मालकीचा नाही. तो आमच्याकडे सोपवली गेलेली ठेव आहे. त्याला त्याच्या समुद्रात परत करणे आता शक्य नाही. म्हणून त्याचे आयुष्य असेतोवर ही देयता फेडत राहायची. आणि नवी ठेव स्वीकारायची नाही. बँकेची एखादी योजना बंद होते तेव्हा नवे खाते उघडत नाहीत, पण जुन्या खातेदाराला शेवटच्या दिवसापर्यंत सेवा मिळते. आमच्या घरचा ठराव तसाच आहे: मासा आणि कोळंबी असेपर्यंत पेटी चालेल, त्यानंतर नवा मासा येणार नाही. हैदराबादच्या मुलालाही हे कळवले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अण्णा, मीही तेथे नवी पेटी घेतलेली नाही." ज्येष्ठ श्रावकांना हा ठराव सांगितला, तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली. दोष पुसला गेला असे ते म्हणाले नाहीत आणि मीही तसे समजत नाही. वाढत जाणारे खाते थांबले, एवढेच.

ज्यांना हा छंद करायचाच आहे, त्यांना मी उपदेश करणार नाही, पण खाते उघडताना जी विचारपूस आपण ग्राहकाची करतो, ती माशाचीही करावी. हा कोठून आला? समुद्रातून पकडला, की पेटीत जन्मला? माझ्या मुलाने विक्रेत्याला हे विचारले होते; त्याला सांगता आले नाही. पकडलेला मासा प्रवासात किती भाऊबंद गमावून आपल्यापर्यंत पोहोचतो, याचा हिशेब पावतीवर नसतो. आज पर्याय उपलब्ध आहेत. अटलांटिकमधील निळ्या पट्ट्याचा निऑन गोबी अनेक वर्षांपासून पेटीतच जन्माला येतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या अनेक जातींची पैदास करून दाखवली आहे. प्रवाळांबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्री पंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण. मालवणच्या सहलीहून आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या पेटीने मला आणखी एक गोष्ट दाखवली, तिच्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला बसलो. गोबीच्या गोत्राची माहिती वाचताना कळले की त्याचे जवळचे नातलग आमच्याच दारात आहेत. सातपाटीकडच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी उभे राहिले की खाजणाच्या चिखलावर काहीतरी सरपटताना, मध्येच उड्या मारताना दिसते. ती निवटी. येथील कोळी, मांगेला आणि आदिवासी बांधवांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आमच्यासारखे बाहेरून आलेले नोकरदार मात्र पुलावरून वर्षानुवर्षे जातात आणि त्यांना फक्त चिखल दिसतो. निवटी मासा असूनही पाण्याबाहेर वावरते. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेते. डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात. ते कोरडे पडू लागले की आत ओढून ओले करते, जणू पापणी लवते. बीळ मात्र तिचे स्वतःचे, स्वतःच खोदलेले. आपल्याकडच्या एका निवटीला फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने १८३७ मध्ये शास्त्रीय नाव दिले, ते ड्युसुमिए नावाच्या फ्रेंच सागरी व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ. त्याने आपल्या सफरींत पूर्वेकडील मासे गोळा करून पॅरिसला नेले होते. ही निवटी मान डावीकडे-उजवीकडे फिरवत चिखलावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडून खाते. म्हणजे आमच्या पेटीतील परदेशी पाहुणा मांसाहारी, आणि खाडीवरची ही नातलग मुख्यतः शेवाळावर जगणारी. सौ.ना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी बादलीतून हिलाच का नाही आणली?" मग स्वतःच हसून म्हणाल्या, "नको, ती तिच्या घरीच बरी."

तिचे घर बरे आहे का, हा प्रश्न मात्र उरतो. माझ्या वहीत अमोनियाचा आकडा शून्यावरून थोडा जरी हलला तरी मी रात्री दोनदा उठतो. खाडीच्या पाण्याची अशी वही कोण ठेवतो? तारापूर औद्योगिक वसाहतीतील शेकडो कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रियेनंतर नवापूरजवळ समुद्रात सोडण्याची व्यवस्था आहे. प्रदूषणामुळे खाड्या आणि मासेमारी उद्ध्वस्त होत असल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. त्या प्रकरणाच्या कायदेशीर तपशिलात शिरण्याचा माझा अधिकार नाही. कारखान्यांनी या भागाला रोजगार दिला, माझ्या शाखेला व्यवसाय दिला, माझ्या मुलाला पहिली नोकरी दिली; ती बाजूही मी विसरत नाही. पण पेटी सांभाळू लागल्यापासून एक गोष्ट मला डोळ्यांनी दिसू लागली आहे. विष पाण्यात मिसळते तेव्हा पाणी बहुतेक वेळा स्वच्छच दिसते. अमोनियाला रंग नाही. मासा उलटा तरंगेपर्यंत बाहेरच्याला काही कळत नाही. वही ठेवणाऱ्यालाच आधी कळते.

म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही चार निवृत्त मंडळींनी एक साधा उपक्रम धरला आहे. दर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, ओहोटीच्या वेळी, खाडीवर एका ठरलेल्या जागी जातो. ठरावीक पट्ट्यात किती निवट्या दिसतात ते मोजतो, पाण्याचा रंग आणि वास लिहितो, कचरा कोणता वाहून आला ते टिपतो. काहीही उचलत नाही, कशालाही हात लावत नाही. शास्त्रीय संशोधन म्हणण्याची त्याची योग्यता नाही. पण पुढे एखाद्या अभ्यासकाने किंवा अधिकाऱ्याने विचारले, "येथे पूर्वी किती असत?" तर "खूप असत" याहून नेमके उत्तर आमच्या वहीत असेल. पाठशाळेची मोठी मुलेही दोनदा आली. निवटी डोळे मिटते ते पाहून एका लहानग्याने विचारले, "आजोबा, हिला आपण दिसतो का?" मी म्हटले, "दिसतो. म्हणून तर ती बिळात गेली."

बरेच पालक मला विचारतात, मूल मासा आणण्याचा हट्ट करते, काय करावे? मी सांगतो, आधी त्याला खाडीवर न्या. पालघर-बोईसरच्या वाचकांनी ओहोटीची वेळ पाहून यावे. येथील चिखल सर्वांसाठी खुला आहे. तरीही हट्ट राहिला, तर त्याच्या हाती एक कोरी वही द्या आणि सांगा की सहा आठवडे रोज, एकही दिवस न चुकवता, रिकाम्या पेटीच्या पाण्याची नोंद कर, मग बोलू. आतापर्यंत तीन घरांनी हा प्रयोग केला. दोन मुलांनी दुसऱ्या आठवड्यात वही सोडून दिली. तिसरी, नववीतली एक मुलगी, सहा आठवडे पूर्ण करून माझ्याकडे आली. तिचे सारे आकडे बरोबर होते. मी विचारले, "मग, मासा कधी आणणार?" ती म्हणाली, "नाही आणणार. नुसते पाणी सांभाळायलाच एवढे लागते, तर त्याचे बिचाऱ्याचे काय?" तिची पेटी तिने तुळशीच्या रोपांना दिली. वही मात्र ती अजून लिहिते. खाडीवरच्या मोजणीत आता तिचे आकडे आमच्या आकड्यांशी ताडून पाहतो, आणि दोन्ही जुळेपर्यंत कोणी घरी जात नाही.